शांत समुद्राचा अंदाज : प्रस्तावना

वाळूच्या किनाऱ्यावर लाट केव्हा येईल, केवढी येईल आणि कशी फुटेल, हे तीन गोष्टी मिळून ठरवतात. पहिली गोष्ट फार दूर घडलेली असते. हजारो किलोमीटरवरच्या एखाद्या वादळाने पाण्याला दिलेली ऊर्जा किनाऱ्याकडे निघालेली असते. दुसरी म्हणजे त्या दिवशीचा स्थानिक वारा. तिसरी पाण्याखाली असते, म्हणजे वाळूचे बांध, त्यांच्यामधल्या चरी आणि भरती-ओहोटीबरोबर त्यांच्यावर चढणारे-उतरणारे पाणी. पावसाळ्यात किंवा चक्रीवादळाच्या दिवसांत पहिली गोष्ट इतकी प्रबळ असते की बाकीच्या दोन्ही विचारात घेतल्या नाहीत तरी अंदाज फारसा चुकत नाही. समुद्र शांत असला की ती सोय उरत नाही. अर्ध्या मीटरची लाट सकाळच्या मंद वाऱ्याने सुधारते, दुपारच्या वाऱ्याने बिघडते आणि भरतीचे पाणी हातभर वाढले की फुटायचीच थांबते. शांत दिवसांचा अंदाज वादळी दिवसांच्या अंदाजापेक्षा अवघड असतो, या विधानावर प्रस्तुत पुस्तक उभे आहे.

‘शांत काळ’ म्हणजे समुद्र निश्चल असण्याचा काळ नव्हे. किनाऱ्याच्या जवळपास वादळ नाही, वरती उच्च दाबाचे क्षेत्र ठाण मांडून बसले आहे, वाऱ्याला एका दिशेने दूरवर धाव घेता येत नाही आणि खोल पाण्यातल्या लाटांची उंची दिवसेंदिवस मीटरच्या आत राहते, अशा अवस्थेला हवामानाचे अभ्यासक आणि सर्फर दोघेही शांत काळ म्हणतात. कोकण-गोव्यात मोसमी वारे परतल्यापासून मेपर्यंतचा बहुतेक काळ असाच जातो. कोळी बांधवांच्या होड्या नारळी पौर्णिमेनंतर पाण्यात उतरतात. समुद्राशी दोन हात करायचे नसतात, त्याच्यावर पोट भरायचे असते, तो हाच हंगाम. पर्यटक पाण्यात उतरतात तेही याच दिवसांत आणि नवशिका सर्फर फळीवर पहिल्यांदा उभा राहतो तोही याच दिवसांत. सर्वांत जास्त माणसे पाण्यात असण्याचा हा काळ, तरी लाटांविषयीचे बहुतेक लेखन मात्र वादळांवर खर्च झालेले आहे.

विषयात शिरण्यासाठी आधी लाटांच्या दोन जाती ओळखाव्या लागतात. समोरच वाहणाऱ्या वाऱ्याने उठवलेल्या लाटा आखूड, अस्ताव्यस्त आणि अल्पायुषी असतात. त्यांना इथे ‘वाऱ्याच्या लाटा’ म्हटले आहे. वादळाच्या क्षेत्रातून बाहेर पडून, वाऱ्याच्या मदतीशिवाय पुढे चालत आलेल्या लांब, गोलसर, शिस्तीत येणाऱ्या लाटांना सर्फर आणि समुद्रशास्त्रज्ञ स्वेल म्हणतात. दोघींतला फरक दाखवणारा आकडा उंचीचा नाही, आवर्तकाळाचा आहे. एक शिखर गेल्यापासून दुसरे येईपर्यंत किती सेकंद लागतात, तो आवर्तकाळ. वाऱ्याच्या लाटेचा आवर्तकाळ चार-पाच सेकंद असतो, दूरच्या स्वेलचा बारा ते वीस सेकंद.

खोल पाण्यात लाटेचा वेग तिच्या आवर्तकाळावर ठरतो आणि लाटांच्या समूहाची ऊर्जा त्याच्या निम्म्या वेगाने सरकते. पंधरा सेकंदांच्या स्वेलची ऊर्जा ताशी सुमारे ४२ किलोमीटर जाते, वीस सेकंदांची ५६, बारा सेकंदांची ३४ च्या आसपास. दक्षिण महासागरात ५० अंश दक्षिण अक्षांशाजवळ वादळ झाले तर तिथून दक्षिण कोकणापर्यंतचे अंतर सात हजार किलोमीटरहून थोडे अधिक भरते. वीस सेकंदांच्या लाटा साडेपाच दिवसांत पोहोचतात, पंधरा सेकंदांच्या सात दिवसांत, बारा सेकंदांच्या नऊ दिवसांत. म्हणजे एकाच वादळाची वरात किनाऱ्यावर चार दिवस येत राहते, आधी लांब आणि बारीक, मग आखूड आणि थोडी जोरकस. आवर्तकाळ रोज किती सेकंदांनी उतरत चालला आहे एवढी नोंद ठेवली, तरी वादळ किती दूर आणि कधी झाले हे कागद-पेन्सिलीने काढता येते. त्याला उपग्रह लागत नाही.

इतक्या सोप्या गणितापर्यंत यायला माणसाला बराच काळ लागला. फ्रान्सिस ब्यूफोर्टने १८०५ मध्ये वाऱ्याची मोजपट्टी तयार केली ती शिडाच्या जहाजांसाठी. लाटेचे गणित गेर्स्टनर, एअरी, स्टोक्स यांनी एकोणिसाव्या शतकात मांडले आणि ते बराच काळ गणितज्ञांच्या वहीतच राहिले. समुद्र मात्र त्या सुबक, एकसारख्या लाटेसारखा कधीच दिसत नव्हता. वारा पाण्याला ऊर्जा नेमकी कशी देतो, या प्रश्नाचे पटण्यासारखे उत्तर तर १९५७ पर्यंत, फिलिप्स आणि माइल्स यांच्या निबंधांपर्यंत, मिळाले नव्हते.

अंदाजाची निकड निर्माण झाली ती युद्धातून. १९४२ मध्ये उत्तर आफ्रिकेच्या किनाऱ्यावर सैन्य उतरवण्याची तयारी चालू असताना सपाट तळाच्या होड्या मामुली वाटणाऱ्या लाटांनीही कलंडतात, हे लक्षात आले. कॅलिफोर्नियातील स्क्रिप्स संस्थेचे हाराल्ड स्वेर्ड्रुप आणि त्यांचा तरुण विद्यार्थी वॉल्टर मंक यांनी वाऱ्याचा वेग, तो वाहण्याचा अवधी आणि त्याच्या धावेचे अंतर या तीन गोष्टींवरून लाटेची उंची काढण्याची रीत बसवली. जून १९४४ च्या नॉर्मंडी मोहिमेत या रीतीने शिकून तयार झालेल्या अधिकाऱ्यांचे अंदाज वापरले गेले. ‘लक्षणीय लाट-उंची’ हा आजही लाटांच्या अंदाजाच्या प्रत्येक पत्रकात दिसणारा आकडा त्याच कामातून आला. सर्व लाटांतल्या सर्वांत मोठ्या एक-तृतीयांश लाटांची सरासरी म्हणजे लक्षणीय उंची. अनुभवी खलाशी समुद्राकडे पाहून जी उंची सांगतो तिच्याशी हा आकडा बराच जुळतो, यात त्याच्या दीर्घायुष्याचे कारण आहे. पण सरासरी म्हणजे कमाल नव्हे. काही तासांत येणारी एखादी लाट या आकड्याच्या जवळजवळ दुप्पट असू शकते.

इंग्लंडमध्ये त्याच सुमारास वेगळ्या वाटेने काम चालले होते. नौदलाच्या संशोधन विभागातील बार्बर आणि उर्सेल यांनी कॉर्नवॉलच्या किनाऱ्यावर पेंडीन इथे समुद्रतळाशी दाबमापक ठेवला आणि आलेल्या नोंदीचे वेगवेगळ्या आवर्तकाळांत विघटन केले. एकाच वेळी किनाऱ्यावर आदळणाऱ्या लाटांत कोणती ऊर्जा कुठून आली, हे त्यातून सुटे करता येऊ लागले. १९४८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधात दक्षिण अमेरिकेच्या टोकाकडून, केप हॉर्नच्या बाजूने, आलेल्या लाटाही ओळखलेल्या होत्या. पुढे मंक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेक्सिकोजवळच्या ग्वादालूपे बेटावरच्या नोंदींवरून हिंदी महासागरात उगम पावलेली स्वेल शोधून काढली. १९६३ मध्ये त्यांनी न्यूझीलंडपासून अलास्कापर्यंत मोजणीची ठाणी बसवली. वादळाच्या परिसरातून एकदा बाहेर पडल्यावर लांब लाटा वाटेत फारच थोडी ऊर्जा गमावतात, हा त्या प्रयोगाचा निष्कर्ष. शांत काळाचा सगळा अभ्यास याच एका निष्कर्षावर तोललेला आहे, कारण किनाऱ्यावर वारा नसताना जी लाट फुटते ती बहुधा दुसऱ्या गोलार्धातली असते.

इथून पुढे या विद्येत दोन घराणी स्पष्ट दिसतात. स्वेर्ड्रुप-मंक घराण्याचा भर एका प्रातिनिधिक लाटेवर होता. दुसऱ्या घराण्याने समुद्र म्हणजे असंख्य लाटांची बेरीज मानली आणि तिचा वर्णपट, म्हणजे कोणत्या आवर्तकाळात किती ऊर्जा आहे याचा आलेख, मांडला. पियरसन, नॉयमन आणि जेम्स यांची १९५५ ची पुस्तिका, पियरसन-मॉस्कोविट्झ यांचा १९६४ चा वर्णपट आणि उत्तर समुद्रात सिल्ट बेटाजवळ झालेला जॉन्सवॅप प्रयोग (अहवाल १९७३) हे त्यातले टप्पे. लाटा आपापसांत ऊर्जेची देवघेव करतात हे क्लाउस हॅसलमान यांनी साठच्या दशकात दाखवले. याच हॅसलमानना २०२१ मध्ये भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले, ते मात्र हवामानबदलावरच्या कामासाठी. १९८८ मध्ये वॅम हे संगणकी प्रारूप प्रसिद्ध झाले, त्यानंतर अमेरिकेचे वेव्हवॉच आणि उथळ पाण्यासाठी डेल्फ्टचे स्वॅन आले. आज मोबाइलवर दिसणारा जवळजवळ प्रत्येक अंदाज यांपैकी कुठल्या तरी प्रारूपातून निघालेला असतो. वर्णपटाचे घराणे जिंकले. पण लोकांपुढे निकाल ठेवताना मात्र ते अजूनही पहिल्या घराण्याची एकच उंची ठेवते आणि शांत काळातले बरेच गैरसमज तिथेच जन्म घेतात.

ते कसे, हे आकड्यांत पाहिलेले बरे. समजा पत्रकात लक्षणीय उंची ६७ सेंटिमीटर दिली आहे. तिच्यात ६० सेंटिमीटरच्या पाच सेकंदी वाऱ्याच्या लाटा आणि ३० सेंटिमीटरची पंधरा सेकंदी स्वेल असू शकते, कारण उंच्या सरळ मिळवायच्या नसतात. त्यांचे वर्ग मिळवून वर्गमूळ काढायचे असते. पत्रक वाचणाऱ्याला ३० सेंटिमीटरची स्वेल दिसतच नाही. किनाऱ्याजवळ मात्र हिशेब उलटतो. लांब लाट उथळ पाण्यात शिरताना जास्त उचलली जाते, म्हणून ती ३० सेंटिमीटरची स्वेल साधारण ७० सेंटिमीटर उंच होऊन फुटते. खोल पाण्यात ६० सेंटिमीटर असलेली पंधरा सेकंदी स्वेल फुटते तेव्हा सव्वा मीटरच्या घरात असते, तर तेवढ्याच उंचीची पाच सेकंदी लाट पाऊण मीटरच्या आसपास राहते. शांत दिवशी आधी आवर्तकाळ वाचावा आणि मग उंची, हा नियम इथूनच येतो.

तिसरे घराणे समुद्राकडे तळाकडून पाहते. ते प्रामुख्याने ऑस्ट्रेलियात वाढले. सिडनीजवळच्या नॅराबीन आणि इतर किनाऱ्यांच्या अभ्यासातून राइट आणि शॉर्ट यांनी १९८४ मध्ये वाळूच्या किनाऱ्यांच्या सहा अवस्था मांडल्या. एका टोकाला सपाट, रुंद किनारा असतो. तिथे लाट दूरवर फुटते आणि फेसाळत हळूहळू विरते. दुसऱ्या टोकाला तीव्र उताराचा किनारा असतो, तिथे लाट थेट काठावर आपटते आणि परत फिरते. मधल्या चार अवस्थांत वाळूचे बांध आणि त्यांच्यातून समुद्राकडे जाणाऱ्या चरी असतात आणि सर्फरला हव्या असलेल्या लाटा बहुतेक तिथेच मिळतात. किनारा कोणत्या अवस्थेत आहे हे फुटणाऱ्या लाटेची उंची, तिचा आवर्तकाळ आणि वाळूचा कण पाण्यात किती वेगाने खाली बसतो यांवर ठरते. या मांडणीचे मोल असे की किनारा ही स्थिर वस्तू नाही, तो लाटांच्या मागोमाग बदलत राहतो, हे तिने हिशेबात आणले.

शांत काळात या बदलाची दिशा ठरलेली असते. जोरदार लाटा किनाऱ्यावरची वाळू ओढून आत नेतात आणि बांध बांधतात, तर बारीक, लांब लाटा तीच वाळू हळूहळू परत काठाकडे ढकलतात. कोकणात जून ते सप्टेंबर किनारे झिजतात आणि ऑक्टोबरपासून भरू लागतात, याचे कारण हेच. त्यामुळे हंगामाच्या सुरुवातीला बांध काठापासून अंतर राखून असतात, त्यांच्यात खंड असतात आणि लाट एका टोकापासून दुसऱ्या टोकाकडे सोलत गेल्यासारखी फुटते. मार्च-एप्रिलपर्यंत बऱ्याच ठिकाणी बांध काठाला येऊन चिकटलेले असतात आणि तीच स्वेल एका फटक्यात सबंध लांबीवर कोसळते. दोन्ही दिवसांचे पत्रक अक्षरशः सारखे असू शकते. अंदाज बरोबर होता, पण लाट चांगली नव्हती, या नेहमीच्या तक्रारीमागे पुष्कळदा पाण्याखालचा हा बदल असतो.

चौथ्या परंपरेला घराणे म्हणावे की नाही, यावर विद्यापीठांत कदाचित एकमत होणार नाही. ती सर्फरांची आहे. कॅलिफोर्नियाच्या शॉन कॉलिन्सने हवामानशास्त्राची पदवी न घेता हवामानाचे नकाशे, दक्षिण गोलार्धातल्या वादळांच्या नोंदी आणि किनाऱ्यावरचे स्वतःचे निरीक्षण यांची सांगड घातली. १९८५ मध्ये सर्फलाइन ही दूरध्वनीवरून लाटांचा अंदाज ऐकवणारी सेवा सुरू झाली, तिचा आधार हीच सांगड होती. प्रारूप जिथे थांबते तिथून पुढचे, म्हणजे कोणत्या दिशेची स्वेल कोणत्या किनाऱ्यावर कोणत्या भरतीला चालते, हे ज्ञान या मंडळींनी जमा केले. कोळ्यांकडे ते त्यापूर्वी कित्येक पिढ्या होतेच. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते, हा कोकणातला हिशेब त्याचा साधा नमुना. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता पूर्ण भरती. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण आणि अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती, हेही त्याच हिशेबाचे दुसरे अंग. शांत काळात हे तोंडी ज्ञान वादळापेक्षा जास्त उपयोगी पडते, कारण लाट बारीक असताना पाण्याच्या पातळीतला फरक लाटेच्या उंचीपेक्षा मोठा असतो. मुंबईत उधाणाच्या दिवशी भरती-ओहोटीतला फरक चार मीटरच्या पलीकडे जातो, गोव्यात तो दोन मीटरच्या आसपास राहतो. पाण्याच्या खोलीच्या साधारण पाऊणपट उंचीला लाट फुटते. तेव्हा अर्ध्या मीटरच्या लाटेला फुटायला पाऊण मीटरपेक्षाही कमी पाणी लागते आणि ते पाणी बांधावर दिवसातून थोडाच वेळ असते.

शांत काळातल्या अंदाजाची सार्वजनिक परीक्षा जुलै २०२१ मध्ये झाली. टोकियो ऑलिंपिकमध्ये सर्फिंगचा प्रथमच समावेश झाला होता आणि स्पर्धेसाठी निवडलेला चिबा प्रांतातील त्सुरिगासाकी हा वाळूतळाचा किनारा होता. जपानच्या त्या किनाऱ्यावर जुलैत बहुधा बारीक लाटा असतात. म्हणून आयोजकांनी २५ जुलैपासून आठ दिवसांची मुदत राखून ठेवली होती. नेपार्ताक नावाचे उष्ण कटिबंधीय वादळ पॅसिफिकमध्ये वळले आणि लाटा वाढल्या. पण वादळ जवळ आले की वाराही येतो, म्हणजे मोठी लाट आणि नीटस लाट एकाच दिवशी मिळेल याची खात्री नसते. अंतिम फेरी २८ ऐवजी २७ जुलैला घेण्याचे ठरले. खवळलेल्या, फेसाळ पाण्यात ब्राझीलच्या इटालो फरेराची फळी सुरुवातीलाच मोडली. दुसऱ्या फळीवर त्याने सुवर्णपदक मिळवले. स्पर्धा सुंदर झाली की नाही यावर मतभेद होऊ शकतात, पण थांबायचे किती आणि निघायचे केव्हा हा निर्णयच शांत काळातल्या अंदाजाचा गाभा असतो, हे तिथे सर्वांना दिसले.

भारताच्या पश्चिम किनाऱ्याचा शांत काळ जपानपेक्षा लांब आहे आणि त्याचे घटकही वेगळे आहेत. पावसाळ्याबाहेर इथे तीन प्रकारची ऊर्जा येते. पहिली दक्षिण महासागरातली स्वेल, नैर्ऋत्य-दक्षिणेकडून येणारी. केरळला ती थेट भिडते. उत्तरेकडे येताना तिला समुद्रबूड जमिनीवरून जास्त अंतर कापावे लागते. गोव्यासमोर ही जमीन सुमारे शंभर किलोमीटर रुंद आहे आणि मुंबईसमोर तीनशेच्या आसपास. पंधरा सेकंदांच्या लाटेची लांबी साडेतीनशे मीटर असते आणि पावणेदोनशे मीटर खोलीपासून तिला तळ जाणवू लागतो. म्हणून जी स्वेल वर्कला किंवा कोवळमला ठणठणीत असते ती अलिबागला पोहोचेपर्यंत दमलेली असते. दुसरी ऊर्जा वायव्येची. नोव्हेंबर ते मार्च या काळात अरबी द्वीपकल्पावरून ‘शमाल’ वारे सुटले की त्यांनी उठवलेल्या लाटा अरबी समुद्र ओलांडून येतात. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या अभ्यासकांनी त्यांचा स्वतंत्र अभ्यास केला आहे. या लाटांचा आवर्तकाळ दक्षिणेच्या स्वेलपेक्षा बराच कमी असतो. इथे हवामान निरभ्र आणि वारा पडलेला असताना समुद्र अचानक दोन दिवस उसळतो, तेव्हा कारण बहुधा आखाताकडे शोधावे.

तिसरी ऊर्जा रोजची, घरची. फेब्रुवारी ते मे या महिन्यांत जमीन तापली की दुपारी वायव्येकडून खारे वारे सुटतात आणि गोव्यासमोर लाटांची उंची दर दुपारी वाढते, आवर्तकाळ घटतो, रात्री दोन्ही पूर्ववत होतात. हा रोजचा चढउतार त्याच संस्थेने नोंदवलेला आहे. पहाटे परिस्थिती उलट असते. मतलई वारे जमिनीकडून समुद्राकडे वाहतात, लाटेचा माथा क्षणभर धरून ठेवतात आणि पाणी आरशासारखे दिसते. गुहागर, आरवली किंवा मोरजीसारख्या किनाऱ्यावर सकाळी नऊ आणि दुपारी दोन यांतला फरक दोन वेगळ्या ऋतूंतला वाटावा इतका असतो. कित्येक किलोमीटरच्या चौकटीत हिशेब करणारे जागतिक प्रारूप हा किनाऱ्यालगतचा वारा नीट पकडत नाही. शांत काळातल्या पत्रकात सर्वांत कमी भरवसा ठेवावा असा आकडा कोणता असेल तर तो दुपारच्या वाऱ्याचा.

याउलट स्वेल कधी पोहोचेल हे प्रारूप उत्तम सांगते आणि त्यात नवल नाही. ती निर्माण करणारे वादळ आठवड्यापूर्वीच होऊन गेलेले असते, उपग्रहांनी पाहिलेले असते. सात दिवसांनंतरच्या स्वेलची बातमी ही एका अर्थी जुनी बातमी असते. तीन दिवसांनंतरचा वारा मात्र अजून जन्मायचा असतो. सामान्य वाचक दोन्ही आकड्यांवर सारखाच विश्वास ठेवतो, कारण पडद्यावर ते एकाच अक्षरात छापलेले असतात.

हा विषय आज महत्त्वाचा होण्याची कारणे साधी आहेत. पाण्यात उतरणारे लोक वाढले. सर्फिंग, पॅडलबोर्ड, कयाक, स्कूबा यांचे वर्ग केरळपासून कोकणापर्यंत चालू लागले आणि त्यांचा हंगाम शांत काळाशीच बांधलेला आहे. माहितीही वाढली. हैदराबादचे भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र अर्थात इनकॉइस ही १९९९ पासूनची संस्था उंची, दिशा, आवर्तकाळ आणि स्वेलची वेगळी उंची देते. रत्नागिरी, कारवार अशा ठिकाणी समुद्रात ठेवलेले लाटमापक बोये प्रत्यक्ष नोंद घेतात आणि २०१३ मध्ये सोडलेल्या भारत-फ्रान्सच्या सरलसारख्या उपग्रहांनी खुल्या समुद्रातली उंची मोजली. माहिती आहे, ती वाचण्याची सवय नाही.

या सवयीच्या अभावी शांत दिवसच धोक्याचे ठरतात. लांब आवर्तकाळाची बारीक स्वेल गटागटाने येते. दहा-पंधरा मिनिटे काहीच येत नाही, मग चार-पाच मोठ्या लाटा ओळीने येतात. त्या मधल्या वेळात समुद्र पाहून पाण्यात शिरलेल्याला समुद्राचा खरा स्वभाव दिसलेलाच नसतो. लाटांनी आत आणून टाकलेले पाणी बांधातल्या चरीतून परत फिरते तेव्हा समुद्राकडे जाणारा ओढा तयार होतो आणि ओहोटीच्या सुमारास तो अधिक जोर धरतो. चरीवर पाणी खोल असल्याने तिथे लाट फुटत नाही. नवख्या माणसाला तीच जागा सर्वांत शांत, म्हणजे पोहायला सर्वांत चांगली वाटते. केरळात ‘कल्लक्कडल’ म्हणतात तो प्रकार शांत दिवसाच्या याच फसवेपणाचे मोठे रूप. स्थानिक वारा नसताना, आभाळ स्वच्छ असताना, दक्षिणेच्या लांब स्वेलने किनाऱ्यावरच्या वस्तीत पाणी शिरते. मे २००५ च्या घटनेनंतर त्याचा पद्धतशीर अभ्यास झाला आणि २०२० पासून इनकॉइस त्यासाठी स्वतंत्र पूर्वसूचना देते. उपग्रहांच्या तीन दशकांहून अधिक काळाच्या नोंदी तपासून यंग आणि रिबाल यांनी २०१९ मध्ये दक्षिण महासागरातल्या सर्वांत मोठ्या लाटा वाढत असल्याचे दाखवले. त्या लाटांचा शेवटचा मुक्काम बऱ्याचदा हिंदी महासागराच्या उत्तर किनाऱ्यांवर असतो, हे वेगळे सांगायला नको.

प्रस्तुत पुस्तक या पार्श्वभूमीवर एक मर्यादित काम हाती घेते. वादळ, चक्रीवादळ आणि पावसाळी समुद्र त्याच्या कक्षेबाहेर आहेत. खडकाळ तळावरच्या आणि प्रवाळावरच्या लाटांनाही त्यात जागा नाही, कारण तिथला तळ वर्षानुवर्षे तोच राहतो आणि प्रश्नाचे स्वरूपच बदलते. वाळूचा किनारा, मीटरच्या आतली लाट आणि येत्या दहा दिवसांचा अंदाज एवढेच त्याचे क्षेत्र. गणित आठवी-नववीच्या पलीकडे नेलेले नाही. वर्गमूळ काढता येणाऱ्याला सर्व उदाहरणे सोडवता येतील. प्रारूपांच्या आतली यंत्रणा उलगडण्याऐवजी त्यांनी दिलेल्या पत्रकावर कुठे भरवसा ठेवावा आणि कुठे ठेवू नये, यावर भर आहे. कोळ्यांचे हिशेब आणि सर्फरांचे ठोकताळे शास्त्राच्या बरोबरीने घेतले आहेत, पण शास्त्राच्या कसोटीतून त्यांना सूट दिलेली नाही. जिथे ठोकताळा एकाच किनाऱ्यापुरता खरा आहे तिथे तसे म्हटले आहे.

वाचकाने पुस्तक हातात घेण्याआधी किंवा घेतल्याबरोबर एक वही घालावी. तारीख, तिथी, पत्रकातली स्वेलची उंची व आवर्तकाळ, सकाळचा वारा, आणि समोर प्रत्यक्ष काय दिसले एवढे पाच रकाने पुरेत. एका हंगामाची अशी नोंद जवळ असली की पुस्तकातला अर्धा मजकूर तपासून पाहता येईल आणि आपल्या किनाऱ्याला लागू न पडणारे नियम खोडता येतील. अनोळखी किनाऱ्यावर मात्र वही, पुस्तक आणि मोबाइल या तिघांच्याही आधी जीवरक्षकाला विचारावे, आणि त्याने लाल बावटा लावला असेल तर पाण्यात उतरू नये.